हेडऑफिसकडून दोन शब्द

१६ नोव्हेंबर, रविवार

आईचं सगळं आटपून शलाका आज दुपारी पुण्याला परत गेली. जाताना कपाटातली कंपनीची कोरी डायरी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, बाबा, बोलत नाही तर निदान लिहीत जा. मुलगी उगाच काळजी करते. तरी लिहीन. थोडक्यात. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे अक्षराचा प्रश्न नाही.

संजीवनीचं तेरावं व्यवस्थित पार पडलं. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. तिघं अनोळखी होती. एक जाडसा सिंधी गृहस्थ, खांद्यावर नवाकोरा टॉवेल, दुकानाचं लेबल तसंच. एक म्हातारे, कानात मशीन. एक मुलगी स्कूटीवर पायाशी पाण्याचा जार ठेवून आली आणि कोणाला न विचारता तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तिघं कोपऱ्यात बसली आणि काही न बोलता गेली. कोण ते मी विचारलं नाही. संजीवनीच्या भिशीतली असावीत.

मी ठीक आहे. डोळ्यांना पाणी येतं ते समोरच्या टॉवरच्या कामामुळे. हेंद्रेपाड्यात सध्या धूळ फार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कामावर रुजू. अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टोअर्स बघतो. साहेब म्हणाले, आज लवकर घरी जा. गेलो नाही. घरी जाऊन काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

ठराव: संजीवनीचा मोबाइल रविवारपर्यंत बंद करायचा. त्याआधी तिच्या फोनमधल्या सगळ्यांना रीतसर कळवायचं. मजकूर तयार केला: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की". पुढचा भाग उद्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तिचा फोन उघडला. लॉक नव्हतं. सगळ्यात वर एक ग्रुप. नाव: "पाणी आलं का?"

नाव वाचून बरं वाटलं. विषय उपयुक्त आहे. बदलापुरात पाणी कधी येईल हे पाण्यालाही माहीत नसतं. संजीवनी मात्र वेळ अचूक सांगायची. कुठून कळतं ते मी कधी विचारलं नाही.

शेवटचा मेसेज ३१ ऑक्टोबरचा, श्यामकांत नावाच्या ॲडमिनचा. "ग्रुप बंद." एवढाच. पाण्याचा शटडाऊन असावा. ३१ ऑक्टोबरला माझं पाण्याकडे लक्ष नव्हतं. संजीवनी त्याच दिवशी गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मागचं वाचत बसलो. ग्रुपवर पाण्याची माहिती जवळजवळ नाही. नुसता टाइमपास.

पद्धत अशी आहे. सकाळी जो आधी उठतो तो विचारतो, "पाणी आलं का?" त्यावर खरं उत्तर द्यायला बंदी. काहीतरी वाकडंच सांगायचं. तेजल म्हणून एक मुलगी आहे, सोनिवलीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिने लिहिलं होतं: "आमचा नळ खोकतोय. एक्स-रे काढायला सांगितलाय." त्यावर उल्हासनगरचा हरेश, टॉवेलचं दुकान: "आमचा पण तेच. घाम आला होता बिचाऱ्याला, पुसून आलो." त्यावर आमची संजीवनी: "खोकला नाही तो. घसा साफ करतोय. भाषण करून जाईल, पाणी देणार नाही."

त्यावर सगळ्यांनी लिहिलं होतं, "निषेध."

श्यामकांत यांची नियमावली सापडली. अंबरनाथचे निवृत्त फिटर आहेत. ग्रुपवर हसायला बंदी. "वा", "छान", "मस्त" यांना सक्त बंदी. विनोद चांगला झाला तर फक्त "निषेध" लिहायचं. वाईट झाला तर गप्प बसायचं. गंभीर उत्तर दिल्यास दंड, एक बादली. दंड कोणाकडे भरायचा ते लिहिलेलं नाही. नियमावली अपुरी.

संजीवनीला निषेध पुष्कळ मिळालेत. मोजायला घेतले होते. सोडून दिले. धूळ.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज एक गोष्ट कळली. ग्रुपवर संजीवनी सारखं "हेडऑफिस" म्हणून कोणाबद्दल तरी लिहायची. मला वाटलं पालिकेचं ऑफिस.

मी आहे.

उदाहरणार्थ: "हेडऑफिसला विचारलं, साडी कशी आहे. फाइल पुढे गेली आहे."

"आज हेडऑफिसने दोन शब्द मंजूर केले. 'मीठ' आणि 'दे'."

"पाणी आलं होतं. दार हेडऑफिसने उघडलं. आतून कोणी काही बोलेना, म्हणून परत गेलं."

सगळ्यांवर निषेधाचा पाऊस. माझ्या अपरोक्ष चाळीस माणसं मला ओळखतात.

मी कमी बोलतो हे मान्य. पण कामाचं बोलतो. "मीठ दे" यात न कळण्यासारखं काय आहे? तिने दिलंही होतं.

रागावलो आहे. उद्या सकाळी दुःखद वार्ता कळवून हा ग्रुप बंद.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मजकूर पूर्ण केला. पाठवणार इतक्यात श्यामकांत यांनी लिहिलं, "पाणी आलं का?" तीन आठवड्यांनी ग्रुप उघडला. बराच वेळ कोणीच उत्तर देईना. प्रश्न साधा होता. मला उत्तर माहीत होतं. कोणी प्रश्न विचारला आणि उत्तर हाताशी असलं तर ते द्यावं, अशी स्टोअर्सची सवय.

मी लिहिलं, "होय. सकाळी ६.४० ते ७.२५. दाब मध्यम."

पाठवल्यावर लक्षात आलं. फोन तिचा. नाव तिचं दिसलं: संजीवनी.

मग हरेशने लिहिलं, "वा ताई. एक नंबर." तेजलने लिहिलं, "छान काकू." श्यामकांत यांनी बऱ्याच वेळाने: "संजीवनीबाई, उत्तम."

त्यांना काही कळलेलं नाही. आता लगेच निधनाची बातमी द्यायची म्हणजे गोंधळ होईल. पाण्याचा दाब सांगणारी बाई त्याच फोनवरून वारली असं कसं कळवणार? दोन दिवस जाऊ दे. रविवारी कळवतो.

नोंद: गंभीर उत्तर देऊनही दंड झाला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कळवलं नाही. रविवारी लोकांना त्रास देऊ नये.

लिहिलं मात्र: "हेडऑफिसने आज स्वतः चहा केला. उत्तम झाला." संजीवनीच्या शैलीत. हेडऑफिसचा उल्लेख आला की ती शैली होते.

"वा ताई." "छान." "छान काकू, हेडऑफिस साखर किती घेतं?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गेले चार दिवस रोज सकाळी एक विनोद देतो. आजचा: "हेडऑफिसने भाजी आणली. मेथी ताजी होती." तीन जणांकडून वा.

यावर विचार केला. नियमाप्रमाणे "वा" ला बंदी आहे. मागे एकाने चुकून "मस्त" लिहिलं तर त्याला एक दिवस ग्रुपबाहेर काढलं होतं. आणि मला रोज वा, छान, उत्तम. एकालाही काढलं नाही. याचा अर्थ एकच निघतो. विनोद इतके चांगले होतात की माणसांना नियमाचं भान राहत नाही. संजीवनीला इतक्या वर्षांत एकदाही वा मिळालेला नाही. मी शोधून पाहिलं.

हे तिला सांगायला हवं होतं. ती खूप हसली असती.

धूळ.

३ डिसेंबर, बुधवार

तेजल रोज विचारते, "काकू, हेडऑफिस जेवलं का?" आगाऊ मुलगी. दुसऱ्याच्या नवऱ्याच्या जेवणाशी हिला काय करायचंय? लिहिलं, "हेडऑफिस नीट जेवतं. काल वरणभात, आज वरणभात." तिने "छान" लिहिलं.

ठराव: १५ तारखेला फोन बंद. नक्की.

७ डिसेंबर, रविवार

इमारतीचा पंप जळाला. सकाळी ग्रुपवर गंभीर माहिती दिली, "पाणी आलं, पण वर चढलं नाही." दुपारी जिन्यात चार जार. वॉचमन म्हणाला, टॉवेलवाल्या टेम्पोतून उतरवले. बरोबर चिठ्ठी नाही, पैसे मागितले नाहीत. शिवाय दोन नवे टॉवेल.

ग्रुपतर्फे उत्तेजनार्थ बक्षीस असावं. संजीवनीला कधी मिळालं नव्हतं.

पण एक शंका. ताईंचा पत्ता यांना कसा माहीत? उत्तर: ती सगळ्यांशी बोलायची. दिला असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आता शब्दांचा खेळ करायचं ठरवलं आहे. श्यामकांत आणि संजीवनी त्यात तरबेज होते. दोघांची एकदा "बादली" वरून सकाळभर जुंपली होती. आमच्या पंपाची बदली, बादलीची बदली, असं काहीतरी. त्यात कामाचं एक वाक्य नाही. मी दोनदा वाचलं.

माझाही एक सुचला आहे. दोन दिवस घासूनपुसून घेतो.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी पाठवला. प्रश्न आला, "पाणी आलं का?" मी तयारच होतो.

"आमच्याकडे नळ आहे. दमयंती गेली."

पाठवल्यावर एकदा वाचून पाहिलं.

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. "वा" नाही, "छान"ही नाही. दुपारी तेजलचा एकच मेसेज: "काकू, हेडऑफिस जेवलं का?"

उत्तर दिलं नाही. समोरच्या टॉवरवर आज कटिंगचं काम होतं. दार-खिडक्या लावूनही धूळ आत येते.

१५ डिसेंबर, सोमवार

फोन बंद करायचा दिवस. पॅकही संपत आला होता. दुकानात गेलो, रिचार्ज नको म्हणून सांगायला. मग वाटलं, नंबर एकदम बंद झाला तर बँक, गॅस, सगळीकडे अडचण. दुकानदार म्हणाला, काका, वर्षाचा घ्या, परवडतो. हिशेब केला. खरंच परवडतो.

वर्षाचा घेतला.

२१ डिसेंबर, रविवार

शलाकाचा फोन. इकडचं तिकडचं विचारलं. मग थांबून म्हणाली, बाबा, आईचा नंबर सकाळी ऑनलाइन दिसतो. मी म्हणालो, आजकाल फोन आपोआप चालू होतात. सिस्टिम असते. ती म्हणाली, हं. रोज साडेसहाला? म्हणालो, सिस्टिमला वेळ लावून दिलेली असते.

मग म्हणाली, "राहू दे चालू. मी उठल्यावर बघते. आई ऑनलाइन आहे एवढं दिसलं की दिवस सुरू करते."

मी म्हणालो, बरं.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्षाचे ठराव. ग्रुपला कळवायचं. कपाट आवरायचं. जेवणात बदल. रोज कोणाशी तरी पाच वाक्यं बोलायची.

बोललो: वॉचमनशी एक.

४ जानेवारी, रविवार

कपाट उघडलं. बंद केलं. हवामान दमट आहे, साड्यांना चांगलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

अडचण आली आहे.

श्यामकांत यांनी जाहीर केलं: १८ तारखेला, रविवारी, पोपटी. सोनिवलीला तेजलच्या शेतावर. दरवर्षीप्रमाणे. म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्डीचा पाला, आणि वरून जाळ.

जुनं वाचलं. दर जानेवारीत संजीवनी भिशीची सहल म्हणून जायची ती ही. संध्याकाळी येताना फडक्यात शेंगा बांधून आणायची. गरम असायच्या. मी खायचो. कुठल्या, ते विचारायचा प्रश्न आला नाही. शेंगा चांगल्या होत्या.

तर ही माणसं तिला प्रत्यक्ष ओळखतात. मी लिहिलं, "यंदा जमणार नाही. हेडऑफिसची परवानगी नाही."

हरेशने लगेच लिहिलं, "मग ताई, हेडऑफिसलाच पाठवा."

श्यामकांत: "ठराव मंजूर."

१० जानेवारी, शनिवार

विचारांती ठरवलं, जायचं. फायदे बरेच आहेत. मी गेलो तर कोणाला संशय येणार नाही. संजीवनीला बरं नाही असं सांगायचं. पुढे हळूहळू प्रकृती बिघडवायची. फेब्रुवारीत ॲडमिट करायचं, मार्चमध्ये कळवायचं. लोकांना धक्का बसणार नाही. अचानक गेलं की लोकांना धक्का बसतो.

योजना निर्दोष आहे.

१५ जानेवारी, गुरुवार

आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. "संजीवनीला जरा बरं नाही, म्हणून मी आलो." सहज येतं. "जरा" वर जोर द्यायचा नाही.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून चिवडा घेतला. संजीवनी काय न्यायची ते माहीत नाही. ग्रुपवर शोधलं. तिने लिहिलं होतं, "मी फक्त जीभ आणते. ती घरी पडून गंजते."

चिवडा अर्धा किलो.

१८ जानेवारी, रविवार. रात्रीचे आठ.

क्रमाने लिहितो.

चार वाजता रिक्षाने सोनिवलीला पोहोचलो. नव्या इमारतींच्या मागे अजून शेत आहे हे माहीत नव्हतं. बांधावर सात-आठ माणसं. मधे खड्डा, त्यात मडकं उलटं, वर पेंढा आणि गोवऱ्यांचा जाळ.

पहिल्यांदा दिसला तो टॉवेल. खांद्यावर. नवा, लेबल तसंच. मग माणूस दिसला. घाम पुसत होता. त्याच्या शेजारी खुर्चीत म्हातारे, कानात मशीन. आणि स्कूटीला टेकून ती जारवाली मुलगी.

ओळखलं. बदलापुरात माणसं सारखी दिसतात, असंही एकदा मनात आणून पाहिलं. जमलं नाही.

पण वाक्य पाठ केलेलं होतं.

जाळाशी तेजलची आजी बसली होती, गोदूबाई. तिने वर बघून विचारलं, "बाय कुठं हाय तुजी? ती हसवनारी? नाय आली?"

तिला कोणी सांगितलं नव्हतं. तेजल घाईने पुढे आली, आजीच्या खांद्यावर हात ठेवायला. त्याआधी मी बोललो. "संजीवनीला जरा बरं नाही, म्हणून मी आलो." "जरा" वर जोर गेला.

गोवऱ्या तडतडत होत्या. हरेशने टॉवेल तोंडावर घेतला. श्यामकांत यांनी कानातलं मशीन हलवलं आणि विचारलं, "काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

मला परत म्हणायचं होतं. मोठ्याने. वाक्य अगदी लहान आहे. तोंड उघडलं आणि ते सापडेना. स्टोअर्समध्ये नेहमीच्या रॅकवर हात घालावा आणि वस्तू तिथे नसावी, तसं झालं.

म्हणालो, "संजीवनी गेली."

हे मी आजवर मोठ्याने म्हटलं नव्हतं. फोन सगळे शलाकाने केले होते.

श्यामकांत म्हणाले, "त्या गेल्या ते माहीत आहे हो आम्हाला. त्याच्या आधी काय म्हणालात, ते ऐकू आलं नाही."

हरेश त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "दादा बोले, ताईंना बरं नाही."

"हो," श्यामकांत म्हणाले. "बरं तर नाहीच."

मग मला खुर्ची दिली. चिवडा कोणीतरी हातातून घेतला.

तेजलने सांगितलं. शेवटच्या दिवशी संजीवनीचं रक्त तिच्याच लॅबला तपासायला आलं होतं, त्यामुळे ती गेल्याचं तिला आधी कळलं. तिने या दोघांना फोन केले. तेराव्याला तिघं आले. मी काही विचारलं नाही म्हणून तेही काही बोलले नाहीत. ३१ तारखेला पाण्याचा शटडाऊन नव्हता.

मी विचारलं, मग एकवीस तारखेला माझा मेसेज आला तेव्हा?

हरेश म्हणाला, "दादा, मी काउंटरवर होतो. ताईंचं नाव आलं. वाचलं, दाब मध्यम. टॉवेलमध्ये तोंड घालून बसलो. गिऱ्हाईक विचारतो, सेठ, कपडा सूंघ के बेचते हो क्या?"

मी त्यांना सांगितलं की तुम्ही मला रोज वा लिहीत होतात. नियमात बसत नव्हतं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. श्यामकांत म्हणाले, नियम सभासदांना. तुम्ही सभासद नव्हता, पाहुणे होता. हरेशने जास्त सरळ सांगितलं. "दादा, बुरा मत मानना. जोक फार खराब होते. मेथी ताजी होती, यावर निषेध कसा करणार? आणि गप्प बसलो असतो तर तुम्ही गेले असते. तुम्ही गेले तर ताई पण गेली."

मी विचारलं, एकही चांगला नव्हता? वीस-पंचवीस तरी दिले होते.

तेजलने खरोखर विचार केला. म्हणाली, "काका, दमयंतीवाला बरा होता. पण त्याच्यावर निषेध लिहायला हात होईना."

तेवढ्यात गोदूबाईने हाक मारली. पोपटी झाली की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. लगेच सुकलं की झाली. हे काम दरवर्षी संजीवनीचं. शिंपडायची आणि मडक्याला विचारायची, पाणी आलं का? गोदूबाईने तांब्या माझ्या हातात दिला. तिला एव्हाना तेजलने सांगितलं असावं. माझ्याकडे न बघता दिला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी शिंपडलं. चर्र झालं. लगेच सुकलं.

मला विचारता आलं नाही. श्यामकांत यांनी वाट बघून, मशीन कानात बरोबर बसलंय ना ते चाचपून पाहिलं.

निघताना गोदूबाईने फडक्यात शेंगा बांधून दिल्या. म्हणाली, घरी जाऊन खा, गरम हायती. रिक्षात मांडीवर ठेवल्या होत्या. हेंद्रेपाड्याला पोहोचेपर्यंत गरम होत्या. घरी आलो, ताट घेतलं, बसलो. शेंगा आणून देणारा मीच आणि खाणाराही मीच.

मीठ कमी होतं. मागितलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

रात्री श्यामकांत यांनी माझ्या स्वतःच्या नंबरला ग्रुपमध्ये घेतलं. नाव "हेडऑफिस" असंच ठेवलं. संजीवनीचाही नंबर आहे तिथेच. वर्षाचा पॅक आहे, वाया घालवणं बरोबर नाही. तिचा फोन उशाशी चार्जिंगला लावला. साडेसहाला एकदा उघडतो आणि ठेवून देतो. शलाकासाठी. सिस्टिम आहे.

आज मात्र उठायला उशीर झाला. सव्वासात. आधी तिचा फोन उघडून ठेवला. मग माझ्या फोनवर हरेशचा प्रश्न दिसला, "पाणी आलं का?" तेजलने लिहिलं होतं, "निघालंय. ट्रॅफिकमध्ये आहे." श्यामकांत यांनी लिहिलं होतं, "त्याला सांगा, हेडऑफिसची वेळ घेऊन या."

काहीतरी चांगलं द्यायचं ठरवलं. पहिलाच दिवस. बराच वेळ टाइप केलं, खोडलं, टाइप केलं. शेवटी पाठवलं:

"आलं असेल. मला कळलं नाही. ते आलं की ती उठवायची."

वाचून पाहिलं. यात विनोद नाही.

कोणी वा म्हणालं नाही. छान नाही. कोणी जेवलात का विचारलं नाही. मिनिटभरात हरेशचं उत्तर आलं, "गंभीर उत्तर. हेडऑफिसला दंड." श्यामकांत: "एक बादली." तेजल: "काका, काठोकाठ."

दंड कोणाकडे भरायचा ते अजूनही नियमावलीत नाही. तरी उठलो. समोरच्या टॉवरचं काम आज बंद आहे, धूळ नव्हती. मोरीत गेलो, तिची निळी बादली नळाखाली ठेवली आणि नळ सोडला.

पाणी गेलं होतं.